हे झाड कळंब, कदंब की हळदू?

पाणंद | १८ मार्च, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. एका झाडाचं नाव हवं आहे, आणि जरा घाईने हवं आहे. का, ते खाली लिहितो.

गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, राळेगाव तालुका. गावाबाहेर नाला आहे. दिवाळीपर्यंत वाहतो, मग नुसते डोह उरतात. अशाच एका डोहाच्या काठी, जिथे भर उन्हाळ्यातही माती ओलसर असते, तिथे हे झाड उभं आहे. बुंधा दोघांच्या कवेत मावत नाही. खालच्या अंगाला तो गोल नाही, उभ्या पन्हळी पडल्यासारखा आहे. साल राखाडी. तिचे पापुद्रे सुटतात आणि सुटल्या जागी उथळ खळगे दिसतात. आत्ता झाड जवळजवळ ओकंबोकं आहे, पण फांद्यांवर लहान बोराएवढे वाळके, तपकिरी गोळे शेकड्यांनी लटकताहेत. पाच फोटो जोडले आहेत.

माझे आजोबा याला 'कळम' म्हणत. लहानपणी बैलं पाण्यावर नेताना त्यांनी सांगितलेलं मला अजून आठवतं, "हे कळम हाय बापू. पानी पाहून उभं राह्यते." दोन वर्षांपूर्वी गावात वृक्षदिंडी निघाली तेव्हा झाडाला पत्र्याची पाटी ठोकली गेली. तिच्यावर 'कदंब' लिहिलंय. परवा मोबाइलमधल्या ॲपला फोटो दाखवला तर ते म्हणालं 'हळदू', दुसऱ्यांदा दाखवला तर 'पिंपळ'. पिंपळ नाही एवढं मलाही कळतं.

घाईचं कारण असं. त्या पाटीच्या भरवशावर मागच्या पावसाळ्यात आम्ही दहा-बारा जणांनी नाल्याच्या काठाने आणि वरच्या बरडावर 'कदंबाची' ६० रोपं लावली. रोपवाटिकेत नाव सांगितलं, त्यांनी त्या नावाची रोपं दिली. त्या रोपांची पानं वीतभर लांब होती. आमच्या झाडाखाली एवढं मोठं पान मी आयुष्यात पाहिलेलं नाही, पण तेव्हा ते डोक्यात आलं नाही. आज ६० पैकी ७ जगलीत, तीही डोहाला चिकटून असलेली. आजोबांच्या झाडाची पिलावळ वाढवावी एवढीच इच्छा होती. येत्या जूनला पुन्हा लावायची आहेत, यावेळी चूक नको.

मोहाची_सावली | १८ मार्च, रात्री १०.०५

कदंबच. गोळे आले म्हणजे कदंब. पुण्यात आमच्या सोसायटीत दोन आहेत, पावसाळ्यात लाडवाएवढे केशरी-पिवळे गोळे लागतात, खाली सडा पडतो.

आडरान | १८ मार्च, रात्री ११.२०

पाणंद, फोटो बघितले. पाटीवरचं नाव चुकलंय असं मला वाटतं, आणि तसं वाटायला एकच गोष्ट पुरेशी आहे. तुमचे गोळे मार्चमध्ये झाडावर वाळून लटकलेत.

कदंबाचं फळ गरदार असतं. पिकलं की वटवाघळं आणि पाखरं खातात, उरलेलं खाली पडून कुजतं. ते उन्हाळ्यापर्यंत काडीवर कडक होऊन राहत नाही. वाळका गोळा राहतो तो कळंबाचा किंवा हळदूचा, कारण त्यांचा गोळा म्हणजे एकमेकांना चिकटून बसलेल्या बारक्या बोंडांचा पुंजका असतो. बोंड उकलतं, बी उडून जातं, सांगाडा तसाच राहतो.

म्हणजे आजोबा आणि ॲप, या दोघांतच निवड करायची आहे. त्यासाठी उद्या एवढं करा. झाडाखालची गळलेली दहा-बारा पानं उचला. लांबी, रुंदी मोजा. देठ वेगळा मोजा, तो फार महत्त्वाचा आहे. पानाची मागची बाजू गालाला लावून बघा, लव लागते की गुळगुळीत आहे. आणि एखादी खालची फांदी वाकवून बघा की गोळे फांदीच्या टोकाला आहेत की पानांच्या बगलेतून, बाजूने निघालेत.

मूठ-दोन मूठ वाळके गोळे कागदी पाकिटात भरून ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत नको, बुरशी येते. झाड दोन्हींपैकी कुठलंही निघालं तरी ते आपल्याच रानातलं आहे, बी वाया जाणार नाही.

आणि तो खिळा काढा, कृपा करून. पाटी दोरीने बांधता येते.

पाणंद | १९ मार्च, संध्याकाळी ७.१५

आज सकाळीच जाऊन आलो. बारा पानं उचलली. सगळ्यात लहान ८ सेंटिमीटर, सगळ्यात मोठं १३. रुंदी ५ ते ९. आकार लांबट गोल, टोक बोथट. एक-दोन पानांची देठाकडची बाजू किंचित आत गेलेली, बाकीच्यांची नुसती गोल. देठ दीड ते अडीच सेंटिमीटर, त्याहून लांब एकही नाही. मागून गुळगुळीत, फक्त शिरांच्या बेचक्यात थोडं खरखरीत लागलं.

गोळे बहुतेक फांदीच्या टोकाला, तीन-तीनच्या झुबक्यात. पुतण्या वर चढला होता, त्याने अर्धी पिशवी भरून गोळे आणलेत. शेंड्यांवर नव्या कळ्या फुगल्यात, त्या चपट्या आहेत, दोन तळहात जोडल्यासारख्या. त्याचा फोटो सहावा.

खिळा काढला. भोकातून थोडा चीक आला होता, तो वाळलेला दिसला.

हेदवाडी | १९ मार्च, रात्री ८.५०

सिंधुदुर्गातून लिहिते आहे. आमच्याकडे ही तीन झाडं तीन वेगवेगळ्या नावांनी ओळखतात, म्हणून धागा वाचताना नवल वाटलं.

तो मोठ्या पानाचा, लाडवासारख्या फुलाचा, ज्याला शहरात कदंब म्हणतात, त्याला आमची म्हातारी माणसं 'न्हीव' म्हणतात. व्हाळाच्या काठी, ओलाव्यात आपोआप येतो आणि भराभर वाढतो. लाकूड हलकं, कामाचं नाही असं समजतात. हळदूला 'हेद' किंवा 'हेदू'. माझी आजी म्हणायची, "हेदाचो फळयो पिवळो, हळद लायल्यासारखो." तिच्या माहेरी हेदाच्या लाकडाची फणी होती. आणि कळंब तो कळंबच.

न्हीव कधीच कळंब नाही आणि कळंब कधीच हेद नाही, निदान आमच्या वाडीत तरी. 'कदंब' हा शब्द आम्ही एसटीच्या बसवर वाचला, गोव्याच्या.

आडरान | १९ मार्च, रात्री ११.४५

पाणंद, तुमचा सहावा फोटो आणि देठाचं माप बघून मी माझ्यापुरता निकाल लावला आहे. पण फूल बघितल्याशिवाय शिक्का मारणार नाही. तोवर ओळखायचं कसं ते सविस्तर लिहितो, हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारतंच.

तिन्ही झाडं कॉफीच्या कुळातली, रुबिएसी. या कुळाची एक खूण डोळे मिटूनही सापडते. पानं समोरासमोर जोडीने येतात आणि दोन देठांच्या मधल्या जागेत, फांदीला चिकटून, एक छोटं पानासारखं टोपण असतं. त्याला उपपर्ण म्हणतात. पारिजातकाची पानंही समोरासमोर असतात, पण तिथे मध्ये काही नसतं. घरी मोगऱ्याची फांदी आणि कुंडीतल्या कॉफीची किंवा अनंताची फांदी शेजारी धरून बघा, फरक लगेच कळेल. अनंतही याच कुळातला.

आता शेंडा. कदंबाची, म्हणजे हेदवाडी ताईंच्या न्हीवाची शेंड्याची कळी भाल्याच्या टोकासारखी निमुळती असते, उपपर्णं त्रिकोणी आणि टोकदार. कळंब आणि हळदू दोघांची कळी चपटी, जोडलेल्या हातांसारखी. पाणंदांना ती उपमा आपोआप सुचली याचा मला मनापासून आनंद झाला. म्हणजे भर उन्हाळ्यात, एकही पान नसताना, नुसत्या शेंड्यावरून कदंब बाजूला काढता येतो.

पान असेल तर काम सोपं. कदंबाचं पान वीतभर लांब, चकचकीत, ठळक समांतर शिरांचं. हळदूचं पान गोलसर आणि देठाशी खोल गेलेलं, बदामासारखं. ॲपला पिंपळ आठवला तो बहुधा असंच काही बघून. हळदूच्या पानाचा देठ लांब असतो, बोटाएवढा किंवा थोडा अधिक, आणि पानाच्या मागे बारीक लव असते. कळंबाचं पान या दोघांच्या मानाने साधं. लांबट गोल, गुळगुळीत, आखूड देठाचं. तुमच्या बारा पानांत अडीच सेंटिमीटरच्या वर एकही देठ नाही, हे हळदूच्या विरुद्ध जातं.

फुलं तिन्हींची गोल गेंदासारखी असतात, सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. कदंबाचा गेंद मोठा, चार-पाच सेंटिमीटरचा, फांदीच्या टोकाला एकेकटा. केशरी-पिवळा, आणि त्यातून पांढऱ्या कुक्षी, म्हणजे स्त्रीकेसरांची टोकं, टाचण्यांसारख्या बाहेर आलेल्या. हळदूचा गेंद त्याच्या निम्मा, पिवळा, पानांच्या बगलेतून लांब दांड्यावर आलेला. कळंबाचाही तेवढाच, पण फिका, हिरवट-पिवळसर, फांद्यांच्या टोकांना झुबक्यात, आणि खाली पानासारखी छदं. गंधाबद्दल लिहायचं तर कळंब फुललेला असताना झाड दिसायच्या आधी वास येतो. मेळघाटात एकदा मी वासावरून शोधत गेलो होतो.

लाकूड कापून बघायची वेळ कुणावर येऊ नये. पण जुनं लाकूड घरात असेल तर हळदूचं पिवळं दिसतं, नाव तिथूनच आलं.

जागेचंही सांगतो. कळंबाला पाणी साचणारी, चिकण, तळ्याकाठची जमीन चालते, तो तिथे टिकतो. हळदूला निचऱ्याची, दरीच्या उताराची जमीन आवडते. तुमच्या आजोबांनी 'पानी पाहून उभं राह्यते' म्हटलं त्यात झाडाची अर्धी ओळख आली.

मोहाची_सावली | २० मार्च, सकाळी ७.३०

आडरान, धन्यवाद. माझं वरचं उत्तर घाईचं होतं, मागे घेते. सोसायटीतल्या झाडाचा शेंडा सकाळी बघितला, भाल्यासारखाच आहे. आणि वाळका गोळा एकही नाही, शोधूनही सापडला नाही.

वैजयंती | २० मार्च, दुपारी १.१०

एक प्रश्न आहे, थोडा वेगळा. लहानपणापासून ऐकलं की कृष्णाचं झाड कदंब. यमुनेच्या काठी, गोपी, कालियाचा डोह, सगळं कदंबाखाली. आता जर कळंब वेगळा आणि कदंब वेगळा, तर कृष्ण बसायचा तो कुठल्या झाडावर? वृंदावनात मी गेले आहे, तिथे मोठ्या पानांचा कदंब दाखवतात. माझ्या देवघरात त्याच्या वाळलेल्या फुलाची आठवण आहे, म्हणून विचारते.

शब्दवेल | २० मार्च, रात्री ९.००

वैजयंती ताई, तुमच्या प्रश्नासाठी मी दिवसभर थांबले, कामावरून आल्यावर नीट लिहावं म्हणून.

आधी भाषा. संस्कृतातला 'कदंब' प्राकृतातून येताना 'द'चा 'ल' आणि मराठीत 'ळ' होऊन 'कळंब' झाला. दाडिमाचं डाळिंब झालं तसंच. म्हणजे 'कळंब' हा कदंबाहून वेगळा शब्द नाही, तो कदंबच आहे, मराठीच्या तोंडात घडलेला. आपण आज ज्याला 'कदंब' म्हणतो तो शब्द नंतर पुस्तकांतून परत आलेला.

आता हेदवाडी ताईंचं 'न्हीव' बघा. ते वाचून मी खुर्चीतून उठले. संस्कृतात कदंबाला दुसरा शब्द आहे 'नीप'. 'दीप'चा 'दिवा' होतो, 'प'चा 'व' होतो, तसा 'नीप'चा 'नीव'. म्हणजे एका जोडीतला एक शब्द कोकणातल्या मोठ्या पानाच्या झाडावर बसला आणि दुसरा पानझडी रानातल्या लहान पानाच्या झाडावर. अमरकोशात नीप, प्रियक, कदंब, हलिप्रिय ही नावं एकाच ओळीत, एकाच झाडाची म्हणून येतात. पण लोकांनी ती वाटून घेतली. कालिदासाच्या पूर्वमेघातही नीप आणि कदंब हे दोन्ही शब्द वेगवेगळ्या श्लोकांत येतात. निघंटूंमध्ये, म्हणजे वनस्पतींच्या जुन्या कोशांमध्ये, तर धाराकदंब आणि धूलिकदंब असे भेदच केले आहेत, एक पावसाच्या धारांबरोबर फुलणारा, एक धुळीच्या दिवसांत फुलणारा. जुन्या माणसांनाही एकाहून अधिक झाडं दिसत होती.

'हलिप्रिय' म्हणजे बलरामाला प्रिय. कदंबाच्या फुलांपासून केलेल्या मद्याला 'कादंबरी' म्हणत. आपण मराठीत जिला कादंबरी म्हणतो ते नाव बाणभट्टाच्या नायिकेमुळे आलं, आणि नायिकेचं नाव त्या मद्याचं.

राहिला कृष्ण. ब्रजभूमी कोरडी आहे. मोठ्या पानाच्या कदंबाला पाऊस आणि ओल लागते, तो तिथल्या रानात आपोआप येणारा नाही. तिथे आपोआप वाढतो तो कळंब, हिंदीत त्याला 'कैम' म्हणतात. म्हणून झाडांचे अनेक जाणकार म्हणतात की पुराणातला ब्रजाचा कदंब म्हणजे आपला कळंब असावा. मला ते पटतं. तुमच्या देवघरातल्या फुलाला यामुळे काही उणेपण येत नाही. त्याच्यावर दोन हजार वर्षांचं नाव आहेच, फक्त त्याच नावाचं एक जास्त जुनं झाड यवतमाळात नाल्याकाठी उभं आहे.

वैजयंती | २० मार्च, रात्री १०.३०

वाचून डोळ्यांत पाणी आलं. मी मूळची कळंबची, यवतमाळ जिल्ह्यातल्याच. आमच्या चिंतामणीच्या गावाचं जुनं नाव कदंबपूर होतं असं घरी सांगत. कधी विचार केला नव्हता की गावाच्या नावातच झाड आहे.

गडकोट_७२ | २० मार्च, रात्री ११.१५

कळंबोली, कळमनुरी, कळमेश्वर, कोल्हापूरचं कळंबा तळं, धाराशिवचं कळंब... सगळी या झाडाचीच गावं का मग?

शब्दवेल | २१ मार्च, सकाळी ८.००

असू शकतील, पण प्रत्येक गावाचं वेगळं तपासायला हवं. नाव जुळलं म्हणून झाड होतंच असं मी म्हणणार नाही. जुने कागद, जुनी झाडं, म्हाताऱ्यांच्या आठवणी, असं काहीतरी हाती लागलं पाहिजे. मात्र एका घराण्याबद्दल दगडी पुरावा आहे. कर्नाटकात शिवमोग्गा जिल्ह्यातल्या ताळगुंद्याच्या शिलालेखात म्हटलंय की बनवासीच्या कदंब घराण्याच्या घराजवळ कदंबाचं झाड होतं, ते त्याची निगा राखत, म्हणून कुळाचं नाव कदंब पडलं. गोव्याचे कदंब त्याच नावाचे, आणि हेदवाडी ताईंनी वाचलेल्या बसचं नावही तिथूनच. झाड सांभाळलं म्हणून राजघराण्याला नाव मिळालं, हे मला फार आवडतं.

वनस्पतीचा_तास | २१ मार्च, रात्री ९.२०

महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवतो. लोकनावांचा गोंधळ झाला की 'शास्त्रीय नाव बघा' असं आपण म्हणतो. या तीन झाडांच्या बाबतीत शास्त्रीय नावांनीही बराच प्रवास केलाय, तो नोंदवून ठेवतो. कुणाला जुन्या फ्लोरामध्ये, म्हणजे एखाद्या प्रदेशातल्या वनस्पतींच्या नोंदींच्या ग्रंथात, शोधायचं असेल तर उपयोगी पडेल.

विल्यम रॉक्सबर्ग कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचा प्रमुख होता. त्याने तिन्ही झाडं एकाच प्रजातीत (जीनस) घातली, 'नॉक्लिया'. नॉक्लिया कदंबा, नॉक्लिया कॉर्डिफोलिया म्हणजे हळदू, नॉक्लिया पार्विफोलिया म्हणजे कळंब. म्हणजे तिघं सख्खे भाऊ वाटावेत असं त्यालाही वाटलं होतं. पुढे त्यांची घरं वेगळी झाली.

कळंब आता मित्रागायना पार्विफोलिया. यातला 'मित्र' आपला नाही. बिशपच्या डोक्यावर जी टोपी असते, माइटर, तिच्यासारखी या फुलाची कुक्षी दिसते म्हणून डच वनस्पतिशास्त्रज्ञ कोर्थाल्स याने ते नाव दिलं. भिंगातून बघा, टोपी खरंच दिसते. पार्विफोलिया म्हणजे लहान पानांचा. पाणंद, तुमच्या रोपवाटिकेतल्या रोपांचं पान आणि या नावातला अर्थ शेजारी ठेवा.

हळदूला जुन्या पुस्तकांत 'अडिना कॉर्डिफोलिया' म्हणून शोधावं लागतं. १९७०च्या दशकाच्या शेवटी रिड्सडेल यांनी त्याला स्वतंत्र प्रजाती दिली आणि तिचं नाव ठेवलं 'हल्डिना'. आपला 'हळदू' लॅटिन होऊन बसला. कॉर्डिफोलिया म्हणजे हृदयाच्या आकाराच्या पानांचा.

कदंबाची गोष्ट सगळ्यात गुंतागुंतीची. वर्षानुवर्षं तो 'अँथोसेफॅलस' या नावाने ओळखला जात होता, अजूनही रोपवाटिकांच्या याद्यांत तेच सापडतं. या नावाची मुळं लामार्कने वर्णन केलेल्या एका नमुन्यापर्यंत जातात. १९८४ साली फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ बोसे यांनी दाखवून दिलं की तो नमुना मादागास्करच्या वेगळ्याच झाडाचा आहे. म्हणून आपल्या कदंबाला नवं प्रजातीनाम द्यावं लागलं, आणि ते दिलं लामार्कच्याच सन्मानार्थ, निओलामार्किया. जातीचं नाव मात्र आजही रॉक्सबर्गने दिलेलं 'कदंबा' हेच आहे.

विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगतो, वहीत शास्त्रीय नावाखाली गावातलं नाव, गावाचं नाव आणि सांगणाऱ्याचं वय लिहा. 'न्हीव' मला माझ्या शिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं.

पाणंद | ११ जून, रात्री ८.३०

धागा वर आणतो आहे. झाड फुललं!

एप्रिलच्या शेवटी नवी पालवी आली. मेच्या अखेरीला शेंड्यांवर हिरव्या मण्यांसारखे गोळे दिसायला लागले, आणि परवा पहिल्या पावसानंतर संध्याकाळी नाल्याकडे वळलो तर पांदीच्या वळणावरच वास आला. आडरान म्हणाले होते तसाच, झाड दिसायच्या आधी. मधमाश्यांचा आवाज दुरून ऐकू येत होता.

गेंद फिके, पिवळसर-हिरवट. पट्टी लावून मोजले, केसरांसकट सव्वादोन सेंटिमीटर. फांदीच्या टोकाला, खाली छोटी पानासारखी छदं. पुतण्याच्या शाळेतून भिंग आणलं होतं. टोपी दिसली. फोटो सात ते बारा.

आडरान | ११ जून, रात्री ९.१०

कळंब. आता शिक्का मारतो, मित्रागायना पार्विफोलिया. नऊ नंबरचा फोटो मी जपून ठेवतोय, परवानगी असावी.

वनस्पतीचा_तास | ११ जून, रात्री ९.४०

अनुमोदन. छदं आणि कुक्षी दोन्ही स्पष्ट आहेत, शंकेला जागा नाही. भिंगाचा फोटो वर्गात दाखवू का?

पाणंद | ११ जून, रात्री १०.००

दोघांनाही आनंदाने परवानगी.

आज काकूला सांगितलं, आजोबांचं बरोबर होतं. ती म्हणाली, "त्याईले कधी चुकतानी पाह्यलं नाई मी झाडाच्या बाबतीत." पाटी आम्ही नवीन करून घेतोय, 'कळंब (कळम)' अशी, दोरीने बांधायची. ज्यांनी आधीची लावली होती त्यांना भेटून सांगितलं, त्यांनी लगेच होकार दिला.

आता प्रश्न रोपांचा. तीन रोपवाटिकांत फोन केला. 'कळंब' म्हटलं की 'कदंब आहे, तेच ते' असं उत्तर येतं. म्हणून मार्चमध्ये काढलेल्या गोळ्यांचं बी लावायचं ठरवलं. गोळे चुरले तर अक्षरशः भुकटी निघाली. यात बी कुठलं आणि कचरा कुठला हेच कळेना.

आडरान | १२ जून, सकाळी ६.५०

'तेच ते' या दोन शब्दांनी आपल्या रानांचं फार नुकसान केलंय. ओलाव्यातलं झाड बरडावर जातं, मरतं, आणि लोक म्हणतात देशी झाडं जगतच नाहीत.

बी बारीक आहे, तंबाखूच्या बियांसारखं. कचरा वेगळा करायच्या नादी लागू नका, सगळी भुकटी पेरा. पसरट मातीचं भांडं घ्या, कुंडा किंवा परळ. तळाला भोकं. खाली खडी, वर गाळलेली वाळू आणि गाळलेलं शेणखत. भुकटी वरून भुरभुरा आणि झाकू नका, नुसता हात फिरवून दाबा. मातीखाली गेलं तर हे बी वर येत नाही.

पाणी वरून घालायचं नाही. झारीनेही नाही. एक थेंब पडला तरी रोप उपटून येतं. परातीत पाणी घ्या, त्यात कुंडा ठेवा, माती खालून पाणी ओढून घेईल. वर पाऊस नको, कडक ऊन नको. पडवीत ठेवा. रानातही या झाडाचं बी लाखोंनी पडतं आणि उगवून टिकतं मोजकंच, बहुतेक पहिल्या सरींत वाहून जातं.

हेदवाडी | १२ जून, सकाळी ९.१५

आणि मुंग्या. परातीत पाणी असलं की मुंग्याही लांब राहतात. माझे हेदाचे वाफे दोनदा मुंग्यांनी नेले.

पाणंद | ९ जुलै, रात्री ९.०५

उगवलं!

सकाळी परळ बघितलं तर वाळूवर हिरवी बुरशी आल्यासारखं वाटलं, मन खट्टू झालं. भिंग लावलं तर दोन-दोन पानं. मोहरीच्या दाण्याहून लहान, पण जोडीजोडीने, समोरासमोर. मोजायचा प्रयत्न केला, दीडशेच्या पुढे सोडून दिला. फोटो काढला आहे, पण त्यात ठिपक्यांपलीकडे काही दिसत नाही.

जगलेल्या ७ कदंबांना तिथेच राहू देतोय, डोहाजवळ ते आता कमरेएवढे झालेत. ही रोपं कधी पिशवीत घ्यावीत?

आडरान | ९ जुलै, रात्री ९.५०

घाई करू नका. चार-सहा पानं आली आणि काडी सुईएवढी जाड झाली की चिमट्याने, मातीच्या गोळ्यासकट उचला. पहिलं वर्ष हे झाड हलल्यासारखंही वाटत नाही. हा पावसाळा परळात आणि पिशवीत जाऊ द्या, पुढचा उन्हाळा सावलीत काढा, आणि पुढच्या जूनला नाल्याकाठी न्या. बरडावर नाही, ओलीच्या बाजूला.

वैजयंती | ९ जुलै, रात्री १०.१०

पाणंद दादा, दीडशेतली दोन आमच्या कळंबसाठी ठेवाल का? पुढच्या जूनमध्ये मी स्वतः न्यायला येईन.

पाणंद | ९ जुलै, रात्री १०.२५

ठेवली, ताई. पाच ठेवतो, वाटेत एखादं दगावलं तर. पिशव्यांवर आत्ताच 'कळंब' लिहून घेतो.